पाण्याच्या भांडणात गणिताची खोटी साक्ष

फेब्रुवारी सरत आला की टँकरचे प्रस्ताव तालुक्याला पोचू लागतात आणि त्यांच्या पाठोपाठ एक जुना वाद नव्याने पेटतो. जमिनीखालचं पाणी कुणाचं, आणि त्याच्या उपशाला लगाम घालायचा तर तो कुणाच्या हाती द्यायचा? अलीकडे या वादात गणित शिरलं आहे. एक बाजू ‘कैद्यांचा पेच’ सांगते, सामायिक कुरणाची शोकांतिका सांगते आणि निष्कर्ष काढते की माणूस मुळातच आपमतलबी असल्याचं शास्त्राने सिद्ध केलंय. तेव्हा पाण्याला मीटर लावा नाहीतर सगळं सरकारजमा करा, गावकऱ्यांवर मात्र सोडू नका. दुसरी बाजू सामायिक साधनांचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं २००९ चं नोबेल पुढे करते, सहकार्य हाच निसर्गाचा खरा नियम असल्याचं सांगते आणि म्हणते, गाव आपलं आपण बघून घेईल, सरकारने फक्त वाटेतून बाजूला व्हावं. दोघेही गणिताला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करतात आणि जे ते कधी बोललंच नाही ते त्याच्या तोंडी घालतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सहकार्य आणि संघर्ष लोकसंख्येत कसे पसरतात, कसे ओसरतात याची गेल्या पन्नास-साठ वर्षांत जी गणिती प्रारूपं तयार झाली, ती माणसाच्या स्वभावाबद्दल कसलाही निवाडा देत नाहीत. कोणत्या अटींखाली कोणती वागणूक तग धरते, एवढंच ती सांगतात. हे ‘एवढंच’ मोलाचं आहे, कारण स्वभावावर कायदा करता येत नाही, अटींवर करता येतो. पण या हिशेबातून एक कडू गोष्टही निघते आणि ती दोन्ही बाजूंना गैरसोयीची आहे: जे तग धरतं ते न्याय्य असेलच असं नाही.

१९७३ साली ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड स्मिथ आणि त्यांचे सहकारी जॉर्ज प्राइस यांचा प्राण्यांच्या भांडणांवरचा लेख ‘नेचर’मध्ये आला. (मेनार्ड स्मिथ हे जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांचे शिष्य. तेच हाल्डेन, जे १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) प्रश्न असा होता की दोन हरणं शिंगाला शिंग लावतात तेव्हा बहुधा एकमेकांचा जीव का घेत नाहीत? ‘प्रजातीचं भलं व्हावं म्हणून’ हे तोवरचं गोड उत्तर या दोघांना पटत नव्हतं. त्यांच्या मांडणीचं सर्वांत साधं रूप असं. समजा दोनच प्रकारचे जीव आहेत. ससाणा शेवटपर्यंत लढतो. कबूतर नुसतं फुगून दाखवतं आणि समोरचा खरंच चालून आला की उडून जातं. ज्या घासासाठी भांडण आहे तो २० गुणांचा, आणि लढाईत जबर जखम झाली तर तोटा १०० गुणांचा. दोन कबुतरं समोरासमोर आली तर कधी याला मिळतं कधी त्याला, सरासरी १०. ससाण्यापुढे कबूतर आलं तर ससाण्याला २०, कबुतराला शून्य. दोन ससाणे भिडले तर निम्म्या वेळा २० मिळतात, निम्म्या वेळा १०० जातात. सरासरी उणे ४०. सगळीच कबुतरं असतील तिथे एखादा ससाणा चैन करील आणि त्याची पिलावळ वाढेल. सगळेच ससाणे असतील तिथे ते एकमेकांना फाडत बसतील आणि पळून जाणारं कबूतरच त्यातल्या त्यात सुखी राहील. आकडेमोड केली तर पाचांत एक ससाणा आणि चार कबुतरं या प्रमाणाला दोघांचीही मिळकत ८ गुणांवर येते आणि बदल थांबतो.

आता सांगा, हा प्राणी मुळात भांडखोर की शांतताप्रिय? या प्रश्नाला वरच्या हिशेबात जागाच नाही. जखमेचा तोटा १०० वरून ४० वर आणा, त्याच लोकसंख्येत निम्मे ससाणे होतील. रक्त तेच, फक्त भांडण स्वस्त झालं. आणि आणखी एक गोष्ट नजरेतून सुटू नये: सगळ्यांनी कबुतरासारखं राहायचं ठरवलं असतं तर प्रत्येकाला १० मिळाले असते. ८ वर थांबलेली ही लोकसंख्या स्थिर आहे, पण तिच्यातल्या कुणाचंही त्यात भलं नाही. स्थिर काय आणि चांगलं काय यांची फारकत या शास्त्राच्या पहिल्याच पानावर झालेली आहे, आणि तरीही लोक ‘निसर्गात असंच असतं’ म्हणून पान मिटतात.

मेनार्ड स्मिथ यांनी या खेळात आणखी एक खेळाडू उतरवला. तो जागेचा मालक असला की ससाण्यासारखा वागतो आणि उपरा असला की कबुतरासारखा. सगळेच असे वागू लागले तर लढाई होतच नाही, सरासरी मिळकत १० वर जाते, आणि बाहेरून आलेल्या ससाण्याला किंवा कबुतराला तिथे शिरकाव मिळत नाही. मालमत्तेचा हक्क असा गणितातून उगवलेला पाहून खासगी मालकीचे कैवारी खूश होतात. पण याच्या नेमका उलटा संकेत, म्हणजे मालकाने माघार घ्यायची आणि उपऱ्याने लढायचं, हाही कागदावर तितकाच स्थिर निघतो! भांडण मिटायला सर्वांना मान्य असा एखादा संकेत लागतो, इथपर्यंत गणित बोलतं. तो कोणता असावा, यावर ते गप्प आहे.

आपल्या विहिरींना हे थेट लागू पडतं. ‘ज्याची जमीन त्याचंच खालचं पाणी’ हा संकेत १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमातून आपल्याकडे पक्का झाला. त्यामुळे ज्याच्याकडे खोल बोअर मारायला पैसा आहे तो शेजाऱ्याच्या विहिरीतलं पाणीही आपल्या हद्दीत ओढून घेऊ शकतो आणि कायद्याने निर्दोष राहतो. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली तेव्हा त्यांनी दुसराच संकेत मांडला. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचं नाही, माणसांच्या संख्येने द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला फार तर अडीच एकराचं, ऊस वर्ज्य, आणि ज्याला जमीनच नाही त्यालाही वाटा. हे दोन्ही संकेत भांडण मिटवतात. त्यांतला कोणता हवा हे ठरवण्यासाठी ससाणा-कबुतराची वही उपयोगाची नाही. तिथे न्यायाची चर्चा करावी लागते आणि ती शास्त्राच्या आड लपून करता येत नाही.

आता त्या सुप्रसिद्ध ‘कैद्यांच्या पेचा’कडे येऊ. तुमची आणि शेजाऱ्याची विहीर एकाच झऱ्यावर. दोघांनी उपसा आवरला तर दोघांना ३ गुण. एकाने आवरला आणि दुसऱ्याने मोटर चालूच ठेवली तर आवरणाऱ्याला शून्य, दुसऱ्याला ५. दोघांनीही उपसलं तर दोघांना १. शेजारी काहीही करो, उपसणं तुमच्या फायद्याचंच, त्यालाही तसंच, म्हणून दोघेही १ वर. गणित बिनचूक आहे. पण १९५० मध्ये रँड या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी हा खेळ पहिल्यांदा दोन सहकाऱ्यांकडून शंभर वेळा खेळवून घेतला, तेव्हा त्या दोघांनी ६० वेळा एकमेकांशी सहकार्य केलं. दोघेही पोचलेले हिशेबी: एक अर्थशास्त्रज्ञ, एक गणिती. पेच त्यांना कळला नव्हता म्हणायचं का? त्यांना एवढंच कळलं होतं की हा खेळ एकदाच खेळायचा नाही.

गॅरेट हार्डिन यांचा १९६८ चा ‘सायन्स’मधला लेख तर न वाचताच उद्धृत होतो. कुरण सर्वांना मोकळं, प्रत्येक गुराखी एकेक गुरू वाढवत जातो, शेवटी कुरण उजाड. त्रिकालाबाधित सत्य म्हणून मिरवलेल्या या चित्राबद्दल तीस वर्षांनी खुद्द हार्डिन यांनीच लिहिलं की ‘व्यवस्थापन नसलेलं’ हे विशेषण आपण वगळलं ही आपली मोठी चूक झाली. त्या एका विशेषणाने सगळाच मामला बदलतो. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावात १५१७ पासून नियम आहे की हिवाळ्यात जेवढ्या गाई तुम्ही घरच्या चाऱ्यावर पोसू शकाल तेवढ्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या सामायिक कुरणात पाठवायच्या. आणि ऑस्ट्रॉम यांनी आपला १९६५ चा प्रबंध ज्या विषयावर लिहिला तो तर आपलाच प्रश्न होता: लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट बेसिनमध्ये उपसा इतका वाढला की समुद्राचं खारं पाणी आत शिरू लागलं. तिथल्या उपसेदारांनी कोर्टाच्या छत्राखाली वाटाघाटी करून आपापला उपसा कमी केला, आणि कुणी किती उपसलं याचा हिशेब दरवर्षी सर्वांसमोर मांडणारा एक अधिकारी नेमला. तिथे संत राहत नव्हते. कंपन्या आणि नगरपालिका होत्या.

खेळ पुन्हा पुन्हा खेळायचा असेल तर काय होतं, हे अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सलरॉड यांनी संगणकावर स्पर्धा भरवून पाहिलं. पहिल्या खेपेला तज्ज्ञांनी १४ डावपेच पाठवले, दुसऱ्या खेपेला ६२ आले, आणि दोन्ही वेळा अ‍ॅनाटोल रॅपोपोर्ट यांचा सर्वांत साधा डावपेच जिंकला: पहिल्यांदा सहकार्य करा, पुढे समोरच्याने मागच्या वेळी जे केलं तेच करा. जशास तसे. हा डावपेच एकाही सामन्यात प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त गुण मिळवू शकत नाही. फार तर बरोबरी करतो. तरी एकूण बेरजेत पुढे जातो, कारण इतरांकडून तो सहकार्य काढून घेतो. आपल्या राजकारण्यांना हा तपशील कुणी समजावून सांगावा असं फार वाटतं.

पण लोक ‘जशास तसे’च्या विजयावर थांबतात आणि त्यामागची अट विसरतात. वर दिलेल्या ५, ३, १, ० या गुणांना सहकार्य टिकायचं तर पुन्हा गाठ पडण्याची शक्यता किमान दोन-तृतीयांश लागते. त्याखाली गेली की उपसणारा जिंकतो, मग तुम्ही कितीही प्रबोधन करा. आता आपल्या गावांकडे या डोळ्यांनी पाहा. एका वर्षाच्या खंडाने शेत घेतलेला माणूस पुढच्या वर्षी तिथे नसणार. मुलं पुण्याला स्थायिक झालेला साठीचा शेतकरी दहा वर्षांनंतरच्या पाणीपातळीचा हिशेब कुणासाठी करील? तो बिघडलेला नाही, त्याचं भविष्य आखूड झालंय. ‘लोक स्वार्थी झालेत’ या हळहळीत एक वाक्य खर्च करण्यापेक्षा खंडाच्या कराराची मुदत पाच वर्षांची केली तर काय होईल, हा प्रश्न जास्त कामाचा आहे. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीच्या खंदकांत महिनोन्महिने समोरासमोर बसलेल्या शत्रूंनी एकमेकांवर नेम चुकवून गोळ्या झाडायचा मूक करार पाळला होता. त्यांच्यात प्रेम नव्हतं, उद्या पुन्हा तोच माणूस समोर असणार ही खात्री होती. वरिष्ठांनी तो करार मोडला तोही उपदेशाने नाही, छापे घालायचे हुकूम देऊन. आणि सहकार्य म्हणजे सद्गुण असं समजायचंही कारण नाही. कांद्याच्या लिलावात बोली चढवायची नाही असं व्यापारी आपसांत ठरवतात, तेव्हा तेही याच गणिताने टिकलेलं अस्सल सहकार्यच असतं.

‘जशास तसे’मध्ये एक खोट आहे आणि ती आपल्याकडच्या बांधांवर दिसते. ट्रॅक्टरवाल्याने घाईत नांगराचं एक तास पलीकडे मारलं. शेजाऱ्याने ते चूक म्हणून घेतलं नाही. पुढच्या हंगामात त्याने वीतभर बांध कोरला. मग इकडून हातभर. मग मोजणी, तलाठी, पोलीस पाटील, दिवाणी दावा, आणि दोन चुलत भावांची नातवंडं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. दोन ‘जशास तसे’ समोरासमोर असले आणि एकाच्या हातून चुकून एक खेळी वाकडी गेली, की संगणकावरही नेमकं हेच होतं: सूडाचा झोका थांबतच नाही. मार्टिन नोवाक आणि कार्ल सिग्मंड यांनी १९९२ मध्ये दाखवलं की चुका होणाऱ्या जगात थोडा उदार डावपेच टिकतो. वरच्याच गुणांना तीनांतून साधारण एकदा समोरच्याची आगळीक सोडून द्यायची. त्याहून जास्त सोडली तर ससाण्यांचं फावतं, कमी सोडली तर भावकी कोर्टात मरते.

आता विरोधकांच्या सर्वांत बळकट मुद्द्यांना सामोरं जायला हवं, कारण ते खरोखर बळकट आहेत. पहिला मुद्दा असा की हे आकडे आणले कुठून? २० ऐवजी २०० घाला, खेळाडू बदला, हवा तो निष्कर्ष निघेल. हे खरं आहे, आणि त्याहून वाईटही आहे: पुन्हा पुन्हा खेळल्या जाणाऱ्या खेळांत जवळपास कुठलीही वागणूक समतोलात बसवता येते, हे खेळ-सिद्धान्तातलं जुनं प्रमेयच आहे. शिवाय तीस वर्षं घासून गुळगुळीत झालेल्या या खेळात विल्यम प्रेस आणि फ्रीमन डायसन यांनी २०१२ मध्ये असा डावपेच शोधला की ज्याने समोरच्याला शहाणपणाने वागूनही खंडणी देत राहावं लागतं. सहकार्यवाद्यांची तेव्हा बरीच धांदल उडाली. वर्षभरात दुसऱ्या दोघांनी दाखवलं की हे खंडणीबहाद्दर एकास एक भारी असले तरी उत्क्रांत होणाऱ्या मोठ्या लोकसंख्येत टिकत नाहीत, कारण ते एकमेकांनाच पिळतात. तिथे उदार डावपेच वाढतात. मग या सगळ्याचा उपयोग काय? उपयोग असा की गृहीतक उघड्यावर येतं. ‘माणूस स्वार्थी आहे’ म्हणणाऱ्याच्या डोक्यातही एक प्रारूप असतंच. त्यात खेळ एकदाच होतो, शेजारी एकमेकांशी बोलत नाहीत आणि हिशेब कुणालाच दिसत नाही. फक्त ते त्याने कधी कागदावर मांडलेलं नसतं, म्हणून त्याच्या चुका धरता येत नाहीत. आकडे मांडणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं.

दुसरा मुद्दा मला जास्त अस्वस्थ करतो. या प्रारूपांतले खेळाडू सारखे असतात, गावातले नसतात. पाच बोअर आणि कारखान्याचा शेअर असलेला बागायतदार आणि एका एकरावरची विधवा यांच्यात ‘पेच’ नसतो, दडपण असतं. आणि गावाच्या एकोप्याचं काय सांगता? ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेड्याचं वर्णन संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा अशा अर्थाच्या शब्दांत केलं, तेव्हा ते हवेत बोलत नव्हते. गावगाड्याच्या भक्तांना गणिताकडूनही इथे दिलासा नाही. रॉबर्ट बॉइड आणि पीटर रिचर्सन यांनी १९९२ मध्ये मांडलं की नियम मोडणाऱ्याला शिक्षा, आणि शिक्षा न करणाऱ्यालाही शिक्षा, अशी साखळी एकदा जमली की मोठ्या समूहातही सहकार्य टिकतं. त्यांनी लेखाच्या शीर्षकातच पुढे जोडलं आहे: किंवा दुसरं काहीही. काहीही! विहिरीवर कुणी यायचं नाही, मुलीने कुणाशी लग्न करायचं नाही, मयताला कुणी खांदा द्यायचा नाही, हे सगळं त्याच साखळीने टिकतं. जो बहिष्कृताशी बोलेल तो बहिष्कृत. जातपंचायतीची ही यंत्रणा इतकी पक्की निघाली की महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

महाडचं उदाहरण तर पाण्याचंच आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं, आणि तळ्याकडे एकही दलित फिरकू शकला नाही. कागदावरचा नियम बदलला होता, शिक्षेची साखळी बदलली नव्हती. एकट्यादुकट्याने पाणी प्यायला जाणं म्हणजे मार खायला जाणं होतं. २० मार्च १९२७ ला हजारो लोक एकाच वेळी गेले तेव्हा ती साखळी पहिल्यांदा तुटली. लगेच हल्ले झाले, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, दावा चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये लागला. म्हणून परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी १९८३ मध्ये जातींकडे परिसरशास्त्राच्या नजरेने पाहिलं, पश्चिम महाराष्ट्रातल्या नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी या समाजांनी शिकार आपसांत कशी वाटून घेतली होती, त्यातून स्पर्धा कशी टळत होती हे मांडलं, तेव्हा त्यातून जातीचं समर्थन काढणाऱ्यांनी आधी ससाणा-कबुतराचं पान वाचायला हवं होतं. ८ वर स्थिर. कुणासाठी ८ आणि कुणासाठी शून्य, हे सरासरीत दिसत नाही. जुंग-क्यू चोई आणि सॅम्युएल बोल्स यांचं २००७ चं प्रारूप आणखी एक पाऊल पुढे जातं: आपल्यांसाठी जीव ओवाळणं आणि परक्यांचा द्वेष, यांतलं एकेकटं टिकत नाही, दोन्ही जोडीने वाढतात. गावाच्या एकोप्याची स्तुती करताना तो कुणाविरुद्ध आहे हे विचारायची सवय लावून घ्यावी.

तर मग सगळं सरकारच्या हाती द्यावं? इथे पहिल्या बाजूचं म्हणणंही तपासू. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या १० पाळणाघरांपैकी काहींत मुलाला उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. उशीर कमी होण्याऐवजी जवळपास दुप्पट झाला आणि दंड उठवल्यावरही पूर्वपदावर आला नाही. ओशाळं वाटायचं ते गेलं, त्याजागी दरपत्रक आलं. आपल्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे. ६० मीटर म्हणजे जेमतेम २०० फूट. दुष्काळी तालुक्यातल्या कुठल्याही बोअरच्या गाडीवाल्याला विचारा, पाणाड्याने नारळ फिरवून दाखवलेल्या जागी तो २०० फुटांवर थांबायला तयार होईल का. नियम आहे, पण शेजाऱ्याने मोडला तर ते मला कळत नाही, कळलं तर सांगायची जागा नाही, आणि सांगितलं तर मीच वाईट ठरतो. शिक्षेची साखळी पहिल्याच कडीला तुटलेली.

यावर हटकून येणारं उत्तर म्हणजे ‘हिवरे बाजारला जमलं, पण प्रत्येक गावात पोपटराव नसतात’. मान्य. दरवर्षी पावसानंतर पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडणं आणि शेतीसाठी बोअर न घेणं हे पोपटराव पवारांच्या नेतृत्वामुळे सुरू झालं. पण धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची फड पद्धत कुठल्या पोपटरावांनी चालवली? ती निदान तीन शतकं चालली, नायकाशिवाय. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक, म्हणून पाण्याची पाळी एका टोकाने सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपायची आणि मध्येच कुणी जास्त पाण्याचं पीक लपवू शकायचा नाही. बहुतेकांच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या. पाऊस कमी झाला की एखादा फड कोरडा ठेवायचा. तोटा सर्वांना थोडाथोडा. पाटकरी पाणी सोडणार, जागल्या राखण करणार, त्यांचं वेतन शेतकऱ्यांनीच धान्यात द्यायचं. यात चांगुलपणाची गरज फार कमी ठेवली आहे. चोरी दिसते, पाळी ठरलेली आहे, वरचा आणि खालचा शेतकरी एकच माणूस आहे. पुढे वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी आणि बोअर आले, आणि पाटाच्या पाण्यावर कुणाचं अडेनासं झालं. गुण बदलले, वागणूक बदलली. मधल्या काळात लोकांची नियत फिरली असं मानायला काही आधार नाही.

लुइस फ्राय रिचर्डसन नावाचे क्वेकर पंथाचे हवामानशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होते. पुढे हवामान खातं हवाई मंत्रालयाकडे गेलं तेव्हा त्यांनी १९२० मध्ये नोकरी सोडली. शस्त्रस्पर्धेची समीकरणं त्यांनीच मांडली: प्रत्येक देश दुसऱ्याच्या शस्त्रसाठ्याकडे बघून आपला वाढवतो, खर्चाचा भार त्याला मागे ओढतो, आणि यातलं कोणतं बळ जास्त यावर स्पर्धा शमते किंवा स्फोटाकडे जाते. आपली समीकरणं म्हणजे लोक थांबून विचार न करता वागले तर काय होईल याचं वर्णन आहे, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं होतं. बोअरच्या शर्यतीला हेच समीकरण शब्दशः लागतं. शेजाऱ्याची खोली आणि सोसायटीचं कर्ज, एवढीच दोन पदं त्यात आहेत. थांबून विचार करायला जागा हवी, म्हणजे ग्रामसभेत, पाऊस संपल्यावर, विहिरींच्या पातळ्यांचा तक्ता समोर ठेवून. ती जागा कायद्याने द्यायची असते.

शेवटी राहतो तो व्यवहारी प्रश्न: सगळेच उपसत असताना पहिल्याने आवरावं का? एकट्याने आवरू नये, त्याला शून्यच मिळेल. अ‍ॅक्सलरॉड आणि विल्यम हॅमिल्टन यांनी १९८१ मध्ये दाखवलं की निव्वळ आपमतलबी वस्तीत ‘जशास तसे’वाला एकटा बुडतो, पण घोळक्याने आला तर तरतो. पुन्हा गाठ पडण्याची शक्यता दहांत नऊ असेल, तर त्यांच्या आपसांतल्या गाठींचा हिस्सा २१ मध्ये एकाहून थोडा जास्त असला तरी पुरतो. या हिशेबाला धरून चालायचं तर भूजलाची योजना जिल्हाभर एकदम जाहीर करणं हा सर्वांत वाया जाणारा मार्ग आहे, कारण त्यात आवरणारे लोक विखुरले जातात आणि प्रत्येक जण आपल्या शिवारात एकटा पडतो. एकाच ओढ्याच्या दोन्ही काठांवरच्या, एकमेकींचं पाणी ओढणाऱ्या वीस-पंचवीस विहिरी आधी घ्याव्यात. प्रत्येकीच्या मोटरचे तास आणि पाण्याची पातळी चावडीवर लावावी. पहिल्या आगळिकीला ताकीद, दुसरीला पाळी चुकवणं, दंड त्यानंतर. आणि या वीस-पंचवीस जणांच्या समितीत ज्याला विहीर नाही त्याला, आणि ज्याला कालपर्यंत पाणवठ्यावर येऊ दिलं जात नव्हतं त्याला मत असावं, ते समितीच्या मर्जीवर न ठेवता कायद्यात लिहिलेलं असावं. हे शेवटचं कलम कुठल्याही प्रारूपातून निघत नाही. ते आपल्यालाच घालावं लागेल.